पाट म्हणा, जलसेतू नव्हे

प्रश्न : स्पेनमधल्या लास मेदुलास इथल्या रोमनकालीन सोन्याच्या खाणींबद्दल वाचताना ‘जलसेतू प्रणाली’ असा शब्दप्रयोग आढळला. खाणीला पाणी पुरवणाऱ्या त्या व्यवस्थेला मराठीत हेच म्हणायचं का?

नाही. पाट म्हणायचं.

‘जलसेतू’ ऐकून कान किटले आहेत. रोमन आणि पाणी ही जोडी दिसली की लोकांना स्पेनमधल्या सेगोव्हियाच्या जलसेतूच्या कमानीच आठवतात आणि लेखणीतून सेतू उतरतो. लास मेदुलासला पाणी आलं ते डोंगराच्या कडेकडेनं, कातळात खोदून काढलेल्या चरांतून. या चरांची एकूण लांबी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. वेल्समध्ये डोलाउकोथीच्या सोन्याच्या खाणीलाही कोथी नदीचं पाणी सुमारे ११ किलोमीटरवरून असंच उताराच्या अंगानं आणलेलं आहे. यात सेतू कुठे आला?

रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं हे काम आपल्या ज्ञानकोशाच्या ३३व्या खंडात वर्णन केलं आहे. इसवी सन ७३च्या सुमारास तो स्पेनमध्ये बादशाही अधिकारी होता, त्यामुळे त्याच्या शब्दांना वजन आहे. कडा इतका उभा की खोदणारा माणूस दोरानं लोंबकळत काम करी; दुरून पाहणाऱ्याला तो पक्षी वाटे. पाटाची पातळी आणि रेघ आखणारेही बहुतेक वेळ असेच लटकलेले. वर डोंगरमाथ्याशी हौद : दोनशे फूट लांब, दोनशे फूट रुंद, दहा फूट खोल, त्याला पाच दारं. हौद भरला की दारं उघडायची, आणि लोंढा दगडधोंडे घेऊन खाली कोसळायचा.

या पाटाला प्लिनी ‘कोर्रुगुस’ म्हणतो, आणि खरी गंमत इथेच आहे. शब्द सांगून तो लगेच व्युत्पत्तीही देऊन टाकतो : ‘कॉनरिवाटिओ’वरून, म्हणजे ओढे एकत्र आणण्यावरून. पुढे ‘क्रेडो’, मला वाटतं, अशी पुस्ती. त्याला तसं वाटलं म्हणून दोन हजार वर्षं आपण माना डोलवायच्या का? ओढ्याला लॅटिनमध्ये ‘रीवुस’. त्यातल्या ‘व’चा ‘ग’ कोणत्या नियमानं झाला? त्याच प्रकरणात, दोन पावलं आधी, प्लिनीनं डोंगर पोखरून सोनं काढण्याच्या खाणकामाला ‘अर्रुगिया’ हा शब्द वापरला आहे. हा शब्द रोमन येण्याआधीचा, स्पेनच्या मातीतला. माझं मत स्पष्ट आहे : ‘कोर्रुगुस’ हे त्याच देशी शब्दाला लॅटिन उपसर्ग चिकटवून तयार झालेलं रूप आहे. शब्द खाणकामगारांचा होता; साहेबानं त्याला आपल्या भाषेतला बाप शोधून दिला. स्पॅनिश भाषेत दोन्ही घराणी आजही वेगळी नांदतात. ‘रीवुस’चा झाला ‘रीओ’, म्हणजे नदी. ‘अर्रुगिया’चा झाला ‘अर्रोयो’, म्हणजे ओहोळ. खाणीतला शब्द उघड्यावर येऊन वाहायला लागला! पहिल्यात ‘व’ गळाला, दुसऱ्यात ‘ग’चा ‘य’ झाला. एकाच मुळातून निघाले असते तर असे दोन वाटांनी गेले नसते.

आता ‘प्रणाली’. ‘सिस्टिम’ दिसली की ‘प्रणाली’ डकवायची सवय मला मुळीच आवडत नाही. लेखाप्रणाली, संगणकप्रणाली, विचारप्रणाली, सगळीकडे तेच. पण संस्कृतात ‘प्रणाल’, ‘प्रणाली’ म्हणजे पाणी वाहून नेणारी नाली. आपला ‘पन्हळ’ याच घरातला. शिलाहारांच्या लेखांत पन्हाळगडाचं नावही ‘प्रणालक’ असं येतं. छपराला घालतो तो पन्हळी पत्राही इथलाच. म्हणजे ‘पाणीपुरवठा प्रणाली’ लिहिणारा माणूस नकळत मूळ अर्थाच्या दारात उभा असतो आणि आत न जाताच परत फिरतो.

पन्हळीचं इथे खरोखर काम आहे. वाटेत दरी किंवा घळ आली तर खालून आधार देऊन त्यावरून पाणी पलीकडे नेत, हे प्लिनी सांगतो. पण तेवढ्या तुकड्याला तो ‘कनालिस’ म्हणतो. संपूर्ण मार्ग तो कोर्रुगुस, मधला आधारावरचा तुकडा तो कनालिस. मराठीत पाट आणि पन्हळ. सेतू म्हणायचाच हट्ट असेल तर या तुकड्यापुरता म्हणा.

खाली माती धुण्यासाठी खणलेले चर मात्र पाट नव्हेत. त्यांना ‘आगोगा’ असा वेगळा शब्द आहे, ग्रीकमधून आलेला, ‘नेणे’ या अर्थाच्या धातूपासून. त्यांच्या तळाशी उलेक्स नावाचं खरखरीत झुडूप टप्प्याटप्प्यानं अंथरत, म्हणजे सोन्याचे कण त्यात अडकत. मग ते वाळवून जाळायचं आणि राख धुवायची. यांना नुसतं ‘चर’ म्हटलं तरी पुरे.