छापील बाजूला कुणालाही हात लावू देऊ नका

तुमची पोस्ट कालपासून तीनदा वाचली. आजोबांच्या कीर्तनाची २००५ साली करून घेतलेली एकुलती एक सीडी, मूळ कॅसेट आता नाही, चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे गाडी अडकते, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतोय, "ठेवून जा, मशिनवर पॉलिश करून देतो." देऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका देऊ. निदान आत्ता तरी नका.

आधी सांगते, मी यातली तंत्रज्ञ नाही. बँकेत नोकरी केली. घरच्या आणि नातेवाइकांच्या मिळून साठेक सीड्यांमधला आवाज गेल्या काही वर्षांत काढला, तेवढाच अनुभव. तुमची सीडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे जे कराल ते स्वतःच्या जबाबदारीवर करा. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसणं, दुसऱ्या प्लेअरवर लावून बघणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही.

माझ्याकडची सीडी आईच्या गाण्याची होती. १९९१ ची कोजागिरी, शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याची गच्ची, मामाने आणलेला टेपरेकॉर्डर. आई कधी व्यासपीठावर गेली नाही, पण त्या रात्री दीड तास गायली. मारुबिहाग, मग दोन नाट्यपदं, अभंग, आणि शेवटी भैरवी. नव्वद मिनिटांची कॅसेट होती. २००३ साली तिची सीडी करून घेतली. सीडीत ऐंशी मिनिटंच मावतात, म्हणून मधल्या गप्पा आणि मसाला दुधाची वाटावाट कापून ७८ मिनिटं भरली. वाडा पाडला तेव्हा कॅसेट बाहेर काढली, तर फितीवर बुरशी. ती टाकून दिली. सीडी आहेच की, असं वाटलं. आई २०१४ साली गेली. दोन वर्षांनी सीडी लावली, तर भैरवी सुरू झाली की आवाज उड्या मारायचा.

घाबरून मी ती शहरातल्या एका डेटा रिकव्हरीच्या, म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्या, ऑफिसात नेली. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला. त्यात कंपनी, मॉडेल, किती जीबी, सगळे रकाने हार्ड डिस्कचे. "यात फाइल नाहीत, गाणं आहे," असं मी म्हटलं, तर "सेमच असतं मॅडम," म्हणाला. आणि माझ्यासमोर त्याने सीडीच्या छापील बाजूवर, कडेला, जॉब नंबरचं बारकोड स्टिकर चिकटवलं. अंगठ्याने दाबून.

मी काही बोलले नाही. चकचकीत बाजू जपायची, वरच्या बाजूला काय होतंय, असंच मलाही वाटत होतं.

पाच आठवडे गेले. फोन केला की "इंजिनिअरकडे आहे." शेवटी सीडी परत मिळाली, सोबत "मीडिया अनरीडेबल" असा शिक्का आणि तपासणीचं बिल. त्यांनी नेमकं काय करून पाहिलं, कुठल्या ड्राइव्हवर (सीडी वाचणाऱ्या यंत्रावर), किती वेगाने, याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. घरी येऊन लॅपटॉपमध्ये घातली तर सीडी थरथरायला लागली, कारण स्टिकरमुळे एका बाजूला वजन झालेलं. मग मी नखाने ते स्टिकर काढलं. त्याला चिकटून चंदेरी पापुद्रा निघाला. करंगळीच्या नखाएवढा. सीडी ट्यूबलाइटसमोर धरली तर त्या जागेतून उजेड आरपार.

हे का झालं ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि जवळजवळ सगळी जाडी प्लास्टिकची, म्हणजे पॉलिकार्बोनेटची. आवाज या जाडीच्या खालच्या टोकाला नसतो, वरच्या टोकाला असतो, छापील बाजूला चिकटून. घरी किंवा दुकानात राइट केलेल्या सीडीत तिथे रंगाचा थर असतो, त्यावर चंदेरी मुलामा, त्यावर लाखेसारखं पातळ कवच, आणि त्यावर छपाई. म्हणजे खालून लेझरला सव्वा मिलिमीटरचं जाड कवच, आणि वरून संरक्षण नावालाच. स्टिकरचा गोंद त्या कवचाला धरतो, कवच मुलाम्याला धरून असतं, आणि ओढलं की सगळं एकत्र निघतं. बॉलपेनने नाव लिहिलं तरी टोकाचा दाब थेट आवाजावर पडतो.

उलट, खालचे बारीक चरे दिसतात तेवढे घातक नसतात. लेझरचा झोत प्लास्टिकमध्ये शिरताना पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि आत माहितीवर पोचेपर्यंत बारीक टोक होतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा केसासारखा चरा त्याला नीट दिसतच नाही. शिवाय सीडीवर आवाज सलग लिहिलेला नसतो, तो विखरून आणि चुका सुधारायच्या जादा आकड्यांसह लिहिलेला असतो. गोल फिरत जाणाऱ्या ओळीच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड प्लेअर पूर्ण भरून काढतो, आणि त्याहून मोठा असला तर आजूबाजूचा आवाज बघून अंदाजाने सांधतो. म्हणून मधून कडेकडे गेलेला चरा बहुधा चालून जातो, आणि चकलीसारखा गोल फिरलेला चरा सीडी मारतो. गोल पुसायचं नाही ते याचसाठी.

आता भैरवीच का गेली? रेकॉर्डवर सुई कडेकडून आत येते. सीडीवर उलटं, आवाज मधून सुरू होतो आणि कडेला संपतो. मैफलीचा शेवट कडेला. बोटं लागतात तिथेच, आणि ऑफिसवाल्यांना स्टिकर लावायला जागा दिसली तीही तिथेच. कडेजवळ सीडी सेकंदाला साधारण साडेतीन वेळा फिरते, म्हणजे त्या उडालेल्या पापुद्र्यावरून लेझर सेकंदाला साडेतीन वेळा जातो. दर वेळी काही मिलिसेकंद आवाज गायब होतो आणि वर लेझरची वाटच चुकते.

तुमच्या सीडीबद्दल यातून एक गोष्ट लगेच करता येईल. ऐंशी मिनिटांच्या सीडीवर चाळिसावं मिनिट केंद्रापासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर येतं. पट्टी घेऊन मोजा, आणि तिथून बाहेरच्या भागात दोन्ही बाजूंनी काय दिसतंय ते बघा. मग सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर दोष वरच्या थरात आहे आणि जगातलं कुठलंही पॉलिश तिथे पोचत नाही. त्या दुकानदाराने सीडी न बघताच पॉलिश सांगितलं असेल, तर त्याला हा फरक ठाऊक नसावा.

उजेड येत नसेल आणि खाली खोल चरे असतील, तर पॉलिशचा उपयोग होऊ शकतो. पण तोही आवाज काढायचे सगळे प्रयत्न संपल्यावर. पॉलिश म्हणजे प्लास्टिक घासून कमी करणं, आणि ते परत भरता येत नाही. टूथपेस्ट, ब्रासो (पितळ घासायचं पॉलिश) यांनी फायदा झाल्याचं लोक सांगतात, आणि बाजारातल्या गाण्याच्या सीडीवर मीही करून पाहिलंय. पण अशी सीडी गेली तर दुसरी मिळते. तुमच्या आजोबांची मिळणार नाही. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर मात्र कुठल्याही सीडीला लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं. धुवायचीच असेल तर साध्या पाण्यात द्रवसाबणाचा एक थेंब पुरे. बोअरचं पाणी नको, क्षाराचे डाग राहतात. आणि उन्हात वाळवू नका, राइट केलेल्या सीडीतला रंग उन्हाने उतरतो.

मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर वेगवेगळ्या ड्राइव्हचा. हे कुणी गांभीर्याने घेत नाही. एका ड्राइव्हला न वाचणारी सीडी दुसऱ्याला सहज वाचते, लेन्स वेगळी, चुका सुधारायची पद्धत वेगळी. पुण्यात तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, आणि जुन्या बाजारात मी जुने डेस्कटॉपचे ड्राइव्ह वेचले. नवा यूएसबीवरचा चपटा ड्राइव्ह दिसायला बरा, पण माझ्या अनुभवात चरे पडलेल्या सीडीला जुना जाडजूड ड्राइव्ह जास्त दाद देतो. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

सीडीतला आवाज कॉम्प्युटरवर काढायचं सॉफ्टवेअर म्हणाल तर विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, लिनक्सवर सीडीपॅरानोइया. दोन्ही फुकट. सुरक्षित पद्धत निवडली की ते एकच जागा पुन्हा पुन्हा वाचून उत्तरं जुळतात का बघतात. इथे एक खाच आहे. बरेच ड्राइव्ह वाचलेला आवाज स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात आणि दुसऱ्यांदा विचारलं की सीडी न वाचता तोच परत देतात. उत्तर जुळलं असं वाटतं, प्रत्यक्षात चूकच दोनदा आलेली असते. ड्राइव्ह कॅश करतो का हे तपासा, करत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तसं सांगणारा पर्याय चालू ठेवा, म्हणजे ते दर वेळी सीडीच वाचायला लावतं. वेग सगळ्यात कमी ठेवा. मधल्या भोकापाशी तडा असेल तर जोरात फिरवूच नका, सीडी ड्राइव्हमध्ये फुटते.

सुरक्षित पद्धत एखाद्या ट्रॅकवर तासन्‌तास अडकली, तर तो ट्रॅक साध्या पद्धतीने कमी वेगात घ्या. मिळेल तेवढा घ्या. दोन ड्राइव्हवरून घेतलेल्या प्रतींचे चांगले तुकडे ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतात, फक्त प्रत्येक ड्राइव्ह आवाज किंचित पुढेमागे देतो, तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लाटा जुळवून मग कापा.

आणि जिथे कॉम्प्युटर हात टेकतो तिथे घरातला जुना सीडी प्लेअर बाहेर काढा. कॉम्प्युटर चूक आली की बऱ्याचदा अडतो, पण गाणी वाजवायला बनवलेला प्लेअर खड्डा अंदाजाने बुजवून पुढे जातो. त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या खाचेला) जोडा आणि वाजता वाजता रेकॉर्ड करा. हुबेहूब प्रत होत नाही, हे खरं. पण कीर्तनात आजोबांचा शब्द ऐकू येणं महत्त्वाचं.

काढलेला आवाज वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच, म्हणजे आवाजात काटछाट न करणाऱ्या फाइलींमध्येच ठेवा, एमपीथ्री वाटण्यापुरतं. दुकानातून करून आणलेल्या काही सीड्या मुळात एमपीथ्री फाइलींच्याच असतात. तुमची तशी निघाली, तर ती डेटा सीडी आहे आणि तिच्यात चुका सुधारायची आणखी एक सोय असते. मग वर सांगितलेली सॉफ्टवेअर सोडून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरच्या फाइली वाचवायचं सॉफ्टवेअर वापरा.

माझ्या सीडीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. एकाहत्तर मिनिटं स्वच्छ निघाली. सहाव्या ड्राइव्हवर. म्हणजे "अनरीडेबल" म्हणून परत दिलेल्या सीडीतलं नव्वद टक्के गाणं जुन्या बाजारातल्या ड्राइव्हने वाचलं. याचा राग अजून जात नाही. पैशाचा प्रश्न नाही. पाच आठवड्यांत एकाने तरी ती कमी वेगात लावून पाहिली असती तर? ते स्टिकर लावताना पाकिटावर लावलं असतं तर? आणि मी ते ओढायला नको होतं. स्टिकरसकट कमी वेगात सीडी चालते, हे नंतर कळलं.

भैरवीची आलापी, दीडेक मिनिट, टकटक आवाजासकट मिळाली. प्रत्येक टक ऑडॅसिटीत मोठी करून हाताने काढली, तीन रविवार लागले. त्यापुढे कुठल्याच ड्राइव्हला वाट सापडली नाही.

तुमची सीडी दिव्यासमोर धरून छापील बाजूचा फोटो टाका, उजेडाचे ठिपके आहेत की नाहीत ते सांगा. आणि वर आधीच एखादं लेबल चिकटवलेलं असेल, तर त्याचा कोपरा सुटला असला तरी तो तसाच राहू दे. पुण्यात असाल तर माझ्याकडचे तीन ड्राइव्ह अजून चालू आहेत. सीडी घेऊन या, समोर बसून वाचू, तुमच्या हातातून मी ती घेणारही नाही.