गिऱ्हाईक फोनपर्यंत येतं, पुढे का येत नाही?

प्रश्न : मी पुण्यात कर्वेनगरला घरगुती डबे देते. वर्तमानपत्रातून ५००० पत्रकं टाकली. २७ फोन आले, पण महिन्याचा डबा दोघांनीच लावला. पत्रकात काय चुकलं? – एक वाचक, पुणे

उत्तर : पत्रकात थोडं चुकलं, वाटण्यात जास्त आणि फोनवर सर्वांत जास्त. घरी पेपर येतो त्या घरात बहुधा स्वयंपाकही होतो. महिन्याचा डबा लावतात ती कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहणारी मुलं-मुली आणि एकटे नोकरदार. त्यांच्याकडे पेपर येत नाही. तुमच्या भागात महिलांचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मुलींची वसतिगृहं आहेत. पत्रक जायला हवं ते तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात, अभ्यासिकेत आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकांकडे. डबा गरम पोचवता येईल तेवढाच भाग धरा, साधारण दोन किलोमीटर. त्यापलीकडून आलेल्या फोनला हो म्हटलंत, तर एका डब्यापायी बाकीच्या दहा जणांचं जेवण उशिरा पोचतं आणि असलेली गिऱ्हाइकं तुटतात.

आता ते २७ फोन. दोघांनी डबा लावला, मग उरलेल्या २५ जणांनी काय विचारलं होतं? याची नोंद नसेल तर पुढची पत्रकंही अंदाजानेच छापली जातील. एक साधी वही करा: तारीख, नाव, पत्रक कुठे मिळालं, काय विचारलं, का नाही म्हणाले. डब्याच्या धंद्यात प्रश्न ठरलेले असतात. पोळ्या किती? भात रोज असतो का? डबा किती वाजता येतो? रविवारी संध्याकाळी सुट्टी का? आणि सगळ्यात महत्त्वाचा: खाडे धरता का, म्हणजे न घेतलेल्या डब्यांचे पैसे वजा करता का? सुट्टीला गावी जाणाऱ्या मुलीला दर महिना दोनशे रुपये कमी असण्यापेक्षा खाड्याचे पैसे वळते होणं मोलाचं वाटतं. ‘चविष्ट, सात्त्विक, घरगुती’ हे शब्द प्रत्येकाच्याच पत्रकावर असतात. त्यांच्या जागी दर, पोळ्यांची संख्या, वेळ आणि ‘आदल्या रात्री आठपर्यंत कळवल्यास खाडा धरला जाईल’ अशी ओळ छापा.

एका डब्याची चव पाहायला द्या, पण फुकट नको. पूर्ण दर घ्या आणि महिना लावल्यास बिलातून वजा करा. फुकट डबा मागणारे पुष्कळ मिळतात, त्यातले टिकणारे थोडे. दुपारी हात कणकेत असताना फोन राहून जातात. त्यांना त्याच दिवशी संध्याकाळी उलट फोन करा. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी दुसरीकडे डबा लावलेला असतो.

पुढच्या वेळी ५०० पत्रकंच छापा. निम्म्यांच्या कोपऱ्यात ‘क’, निम्म्यांवर ‘ख’ घाला, ‘क’ झेरॉक्सच्या दुकानात आणि ‘ख’ अभ्यासिकेत ठेवा. फोन आला की अक्षर विचारा. जिथून डबा लागला तिथेच पुढची पत्रकं द्या.

प्रश्न : कांदा-लसूण मसाला विकतो. सोसायट्यांच्या ग्रुपमधून ६०० नंबर गोळा करून व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम एकच मेसेज, पाठवतो. उत्तरच येत नाही. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. त्यामुळे तुमचे बरेचसे मेसेज वाटेतच राहतात. ग्रुपमधून न विचारता नंबर उचलणं तर बंदच करा. लोक चिडून ब्लॉक करतात आणि खूप जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर खातंच बंद होऊ शकतं.

मसाला ही रोज घ्यायची वस्तू नाही. ज्याने पाव किलो नेला, त्याला विचारा किती दिवस पुरतो, आणि संपायच्या आठवडाभर आधी नावानिशी एकच मेसेज करा. त्यात वजन, किंमत, पोचवण्याचा दिवस लिहा. ‘दरासाठी फोन करा’ म्हटलं की बहुतेक जण फोन करत नाहीत. पाकिटावर तुमचा नंबर आणि १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा) क्रमांक ठळक हवा. तो नसेल तर चांगला दुकानदार माल ठेवून घेणार नाही.

प्रश्न : शेजारच्या बेकरीने केकवर १० टक्के सूट लावली. मीही लावू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी आकडे मांडा. केक ६०० रुपयांचा, सामान-गॅस-खोका मिळून खर्च ४२०, तर सुटतात १८०. सूट ६० रुपयांची, म्हणजे उरले १२०. आज दहा केकमागे १८०० सुटत असतील, तर तेवढ्यासाठीच पंधरा करावे लागतील. ओव्हन आणि हात तेवढे पुरतात का? नसतील तर दर तसाच ठेवा. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरातले वाढदिवस वहीत लिहून ठेवा आणि दहा दिवस आधी फोन करा. या फोनला सूट द्यावी लागत नाही.