उपवासाच्या ताटातले पाहुणे

प्रिय सोनू,

तुझा मेसेज कालच वाचला पण म्हटलं दोन ओळीत उत्तर देण्यासारखा प्रश्न नाहीये हा, म्हणून नीट बसून लिहितेय. तर तू एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याचा लाडू घेऊन बसलीस आणि तुझी पेरू देशातली रूममेट ताटात डोकावून म्हणाली की हे सगळं तर आमच्याकडचं आहे! आणि मग तू मला विचारलंस, आई, आपला उपवास खरंच जुना आहे की कुणीतरी मधेच बनवलाय, आणि बटाटा चालतो तर मग कांद्याने काय घोडं मारलंय?

पहिलं म्हणजे तिला सांग की ती बरोबर आहे. म्हणजे जवळपास शंभर टक्के बरोबर. बटाटा तिच्याच डोंगरातला, अँडीजमध्ये टिटिकाका तलावाच्या आसपास सात-आठ हजार वर्षांपूर्वी लोकांनी तो माणसाळवला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. रताळं, लाल भोपळा, मिरची तिकडची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. फराळाच्या ताटातली फळं म्हणशील तर पपई, अननस, सीताफळ आणि (हसू नकोस) पेरू, सगळी अमेरिका खंडातली. मिरची तर एवढी आपली वाटते ना, पण पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. अकबराच्या दरबारात आईन-ए-अकबरी लिहिली गेली सोळाव्या शतकाच्या शेवटी, त्यातल्या पदार्थांच्या साहित्यातही मिरी आहे, मिरची नाही.

शेंगदाण्याचं तर तिला नक्की विचार, सिपानच्या राजाबद्दल. पेरूमध्ये १९८७ साली एक जुनी कबर सापडली, मोचे संस्कृतीतली, आणि त्या राजाच्या गळ्यात शेंगांच्या आकाराच्या मण्यांची माळ होती, अर्धे मणी सोन्याचे, अर्धे चांदीचे. शेंगा हं, साध्या भुईमुगाच्या शेंगा! आपण त्याचा कूट करून खिचडीत घालतो आणि डबा संपला की चिडतो.

आणि राजगिरा, हा मला सगळ्यात आवडलेला भाग. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक घालून देवांच्या मूर्ती करायचे, पूजा झाली की ती मूर्ती फोडून सगळ्यांनी प्रसाद म्हणून खायची. स्पॅनिश लोकांनी हे बघितलं आणि त्यांना ते फारच अधार्मिक वाटलं, मग मूर्तींसकट ते पीकच दडपून टाकायचा प्रयत्न झाला. पण ते टिकलं. आजही तिकडे राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या साखरेत घालून वड्या करतात, दुकानात ठेवल्या तर तुझी आजी डोळे झाकून उपवासाला घेऊन येईल. पेरूत त्याला किविचा म्हणतात, तुझ्या मैत्रिणीने लहानपणापासून खाल्लेला असणार. म्हणजे जगाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या समाजांनी राजगिरा देवाच्या कामासाठीच बाजूला काढून ठेवला, मला तर भारीच वाटतं हे.

आता तुझा खरा प्रश्न, मग उपवास जुना कसा. तर उपवास जुनाच आहे गं, ताट नवीन आहे. जुना नियम "काय खायचं" असा नव्हताच फारसा, "काय नाही खायचं" असा होता, आणि ते म्हणजे धान्य. पद्मपुराणात गोष्ट आहे की एकादशीच्या दिवशी पापपुरुष पळत सुटला, त्याला लपायला कुठेच जागा मिळेना, तेव्हा देवाने त्याला सांगितलं की आजच्या दिवस धान्यात जाऊन बस. म्हणून एकादशीला तांदूळ, गहू, डाळ काही नाही. खरे कडक लोक पाण्यावर राहायचे, बाकीचे फळं, कंद, दूध यावर भागवायचे.

दुसरा एक नियम आहे जो मला पापपुरुषापेक्षा जास्त पटतो, तो ऋषिपंचमीचा. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी आजी ती मिळमिळीत दिसणारी पण चवीला मस्त भाजी करायची ना, अळू, सुरण, माठ, भोपळा सगळं एकत्र, तिच्यामागचा विचार असा की त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लावता जे उगवतं तेवढंच. कोकणात तर काही ठिकाणी त्या दिवसासाठी न नांगरता आलेला देवभात शोधून आणतात. वर्षातून एक दिवस तरी बैलाला सुट्टी, आणि ऋषी जसे रानातलं खाऊन राहायचे तसं आपणही. पण गंमत बघ, त्या ऋषींच्या भाजीत आपण मक्याच्या कणसाचे तुकडे टाकतो, आणि मका मेक्सिकोचा! कुठल्या ऋषीने बघितला होता मका? पण भाजीत कणीस नसेल तर भांडणं होतात घरात, एकेका तुकड्यासाठी.

म्हणजे झालं काय, की नियम फक्त नकोचा होता, आणि समुद्रापलीकडून जे आलं त्याचं नाव त्या नकोच्या यादीत असणं शक्यच नव्हतं. बटाटा धान्य आहे का? नाही, कंद आहे. रताळं? कंद. शेंगदाणा? खरं तर डाळीच्याच कुळातला, पण जमिनीखाली येतो म्हणून सुटला बहुतेक. अशी एकेक मंडळी आत आली आणि घरचीच झाली.

साबुदाण्याची गोष्ट मात्र यापेक्षा वळणाची आहे. मूळ साबुदाणा कसाव्याचा नव्हताच, तो आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातला गर असायचा, आणि तो मलायाकडून (म्हणजे आताच्या मलेशियाकडून) जहाजाने यायचा. कसावा पोर्तुगीजांनी केरळच्या किनाऱ्यावर आणला. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी तो लोकांनी लावावा म्हणून खूप खटपट केली, लोक घाबरत होते म्हणून आधी राजवाड्यातच शिजवून दाखवला असं सांगतात. घाबरण्यात चूक काही नव्हतं, काही जातींच्या कच्च्या कसाव्यात खरंच विष असतं, अ‍ॅमेझॉनमधल्या लोकांनी तो किसून, पिळून, भाजून विष काढायची पद्धत फार आधीच शोधली होती. मग दुसरं महायुद्ध आलं, १९४२ मध्ये जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि तिकडून येणारा माल बंद. तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या व्यापाऱ्यांनी कसाव्याच्या स्टार्चपासून तसेच दाणे करायला सुरुवात केली. कंद सोलायचे, किसायचे, पाण्यात गाळून खाली बसलेला पांढरा साका घ्यायचा, तो ओलसर असताना कापडाच्या झोळीत हलवत राहायचं म्हणजे गोळ्या होतात, मग गरम तव्यावर भाजून उन्हात वाळवायचे. आजही आपला बहुतेक साबुदाणा सेलमहून येतो, आणि तो खाणाऱ्यांमध्ये महाराष्ट्र अगदी पुढे. तिकडे ते लोक पायसम करतात, आपण खिचडी, वडे, पापड्या, थालीपीठ काही सोडलं नाही.

म्हणजे विचार कर, देहूला तुकोबा एकादशी करत होते तेव्हा साबुदाण्याची खिचडी हा प्रकार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तुझ्या पणजीच्या आईला कदाचित माहीत असेल, पण रोजच्या ओळखीची नसेल. आणि आज कुणाला सांगून बघ की खिचडी पारंपरिक नाही, लाटणं घेऊन मागे लागतील.

बटाट्याचीही एक आपल्याकडची गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. महाबळेश्वरला आपण स्ट्रॉबेरी खातो, वेताच्या टोपल्या घेतो, पण तिथे एके काळी चक्क चिनी कैद्यांचा तुरुंग होता. इंग्रजांनी १८३०च्या दशकात सिंगापूर-मलायाकडच्या वसाहतींमधून चिनी आणि मलायी कैदी तिथे आणून ठेवले. त्या लोकांनी तिथल्या थंड हवेत बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, त्या बाजारात विकल्या जायच्या, आणि वेतकामही त्यांच्याकडूनच गावकरी शिकले असं म्हणतात. १८६४ साली तुरुंग बंद झाला. पेरूचा बटाटा, युरोपातून फिरून आलेला, इंग्रजांच्या राज्यात, चिनी कैद्यांच्या हातून, साताऱ्याच्या डोंगरात. मला वाटतं तुझ्या रूममेटला ही गोष्ट सगळ्यात आवडेल, तिला सांगताना कैद्यांचा भाग गाळू नकोस.

मग ताटात आपलं काय उरलं? उरलं की! वरईचे तांदूळ म्हणजे भगर, शिंगाडा, सुरण, नारळ, काकडी, केळं, दूध-तूप, जिरं. सह्याद्रीच्या उतारावर अजूनही वरई लावतात. भगर आणि शेंगदाण्याची आमटी तुला आवडत नाही माहितेय, पण त्यातली भगर तरी जुनी आहे. (आता वरई पण खरं तर तृणधान्यच की, मग ती कशी चालते, तर तिला रोजच्या पेरलेल्या धान्यात मोजलंच नाही, पळवाट म्हण हवं तर.) आणि कडक घरांमध्ये जे शेंदेलोण वापरतात ना, ते खेवड्याच्या खाणीतलं, ती खाण आता पाकिस्तानात आहे.

आता कांदा. कांद्याचा दोष एवढाच की तो फार आधीपासून आपल्याकडे आहे! यादी बनत होती तेव्हा तो समोरच होता. मनुस्मृतीत लसूण, कांदा आणि अळंबी द्विजांना वर्ज्य म्हणून नावानिशी लिहिलंय. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी प्रवासी भारतात आला, त्यानेही लिहून ठेवलंय की इथे कांदा-लसूण थोडेच लोक खातात आणि खाणाऱ्यांना गावाबाहेर काढतात. बटाटा हजार वर्षं आधी आला असता तर त्याचंही काहीतरी झालं असतं, उशिरा आला म्हणून वाचला. पण मराठी माणसाने यातूनही मार्ग काढलाच. चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद, म्हणून आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी! त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, भरली वांगी, जे काय चार महिन्यांचं खायचं ते एका दिवसात. आणि एकादशीला काय होतं ते तर म्हणच आहे, एकादशी दुप्पट खाशी.

टोमॅटो का नाही असं पुढे विचारशील म्हणून आधीच सांगते, तो पण बटाट्याच्याच कुळातला आणि तिकडूनच आलेला, पण आपल्या घरात चालत नाही, तुझ्या मावशीकडे चालतो. कोथिंबीर आजीला चालते, आत्याला नाही. हळद कुणालाच नाही. उत्तर भारतात तर टोमॅटो सर्रास घालतात. याला शास्त्र नाही गं, ज्या स्वयंपाकघरात जे ठरलं ते ठरलं, तुझ्या किचनमध्ये तू ठरव. फक्त साबुदाणा रात्री भिजवताना बुडेल एवढंच पाणी ठेव, मागच्या वेळी फोटोत चिकट गोळा दिसत होता.

तुझी,
आई