नागपुरात घराच्या तातडीच्या प्लंबिंग दुरुस्तीसाठी पैशाची मदत कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की नंदनवनातलं जुनं घर आहे, संडासाचं पाणी उलटं बाथरूममध्ये येतं, स्वयंपाकघराची भिंत ओली राहते, प्लंबरने 70 हजार सांगितले आणि घरात कमावणारा एकच. मी एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसतो, अशी कोटेशनं नेहमीच पाहतो. पैसे कुठून आणायचे ते नंतर बघू. आधी तो आकडा फोडा.

कंपाउंडजवळचं सांडपाण्याचं शेवटचं चेंबर उघडून बघा. ते काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा बहुतेक पुढे, रस्त्याच्या गडर लाईनमध्ये असतो. तो काढणं महापालिकेचं काम आहे, त्याचे पैसे प्लंबरला कशाला द्यायचे? झोन ऑफिसात तक्रार नोंदवून नंबर घ्या. शेजाऱ्यांकडेही तुंबत असेल तर मिळून जा, एकट्याचं कोणी लवकर ऐकत नाही बाप्पा. चेंबर कोरडं असेल तर खोट घरातच. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे जोड सरकवते. तरी अख्खी लाईन खोदायची गरज क्वचितच असते. बिघडला तेवढा तुकडा बदलता येतो.

भिंतीसाठी रात्री टाकीत येणारा व्हॉल्व्ह आणि घरातले सगळे नळ बंद करा, टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा. मीटर फिरतच असेल तर गळती टाकीच्या आधी. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर टाकीखालच्या लाईनमध्ये. भिंतीतला गंजका जीआय (लोखंडी) पाइप तसाच बंद करून सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाइपची) नवी लाईन बाहेरून क्लॅम्पवर घेतली की तोडफोड आणि टाइल्सचा खर्च वाचतो. दिसायला बरं दिसत नाही, पण सध्या चालेल.

मग मजुरी वेगळी, माल वेगळा असं लिहून मागा. त्यात नवे नळ, नवं बेसिन असलं काही घुसवलेलं असेल तर काढून टाका.

आता पैसे. आवास योजना घर बांधायला किंवा घ्यायला आहे, नळदुरुस्तीला नाही. तिच्यामागे वेळ घालवू नका. पीएफ कापला जात असेल तर घरदुरुस्तीसाठी त्यातून अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि तो परत भरावा लागत नाही. मात्र घर कोणाच्या नावावर आहे, किती जुनं आहे, नोकरी किती वर्षांची, हे सगळं बघितलं जातं. घर वडिलांच्या नावावर असेल तर तिथेच अडू शकतं. घरातल्या बाईंचा बचत गट असेल तर छोट्या रकमेला तो सगळ्यात सोपा. एफडी किंवा आरडी असेल तर मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या, बहुधा जामीनदारही लागत नाही. सोनं ठेवायचंच असेल तर बँकेत ठेवा.

व्याज आधीच कापून रोजची वसुली करणाऱ्याकडे जाऊ नका. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो. तो दाखवायला सांगितलं की बरेच जण विषय बदलतात. मिनिटात कर्ज देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपचंही तेच.

पतसंस्थेत जाणार असाल तर आधी सभासद व्हावं लागेल. जाताना फोडलेलं कोटेशन, घरटॅक्सची पावती आणि जामीनदारांच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स सोबत ठेवा. आमच्याकडे बहुतेक फायली जामीनदारापाशीच अडतात.