लहान मुलाला घेऊन जहाजाने अटलांटिक महासागर ओलांडावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पावणेदोन वर्षांच्या मुलाला घेऊन इंग्लंडहून अमेरिकेला विमानाऐवजी जहाजाने जाणे योग्य ठरेल का आणि जायचे ठरल्यास कशाकशाचा विचार आधी करावा. आमची मुलगी साधारण याच वयाची असताना आम्ही तिला साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जहाजाने नेले होते. त्या प्रवासावरून आणि त्याआधी केलेल्या वाचनावरून माझे मत असे झाले आहे की, मूल निरोगी असेल तर अवश्य जावे. मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे आणि शक्यतो जून ते ऑगस्ट या महिन्यांत जावे. बहुतेक पालक जहाजावर कोणकोणत्या सोयी आहेत हे पाहून निर्णय घेतात, परंतु इतक्या लहान मुलाच्या बाबतीत प्रवासाची दिशा आणि ऋतू यांना त्या सोयींपेक्षा पुष्कळ अधिक महत्त्व आहे.

आधी दिशेविषयी. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत बहुतेक वर्षभर ५ तासांचा फरक असतो. सात रात्रींच्या प्रवासात हा फरक एकदम न भरून काढता जहाजावरील घड्याळे एकेका तासाने बदलत नेली जातात. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री काटे एक तास मागे येतात, म्हणजे ते दिवस २५ तासांचे होतात. मूल त्या घड्याळाच्या मानाने सकाळी थोडे लवकर उठते खरे, पण दुपारची झोप आणि रात्रीचे निजणे रोज जरा जरा पुढे ढकलले की दोन दिवसांत ते नव्या वेळेला सरावते. पूर्वेकडे जाताना मात्र पाच दिवस प्रत्येकी २३ तासांचे होतात. जेवण, झोप आणि पुन्हा जेवण यांच्यामधला अवधी आक्रसतो आणि झोप आलेली नसताना मुलाला रोज निजवावे लागते. मोठी माणसे हे सहज निभावून नेतात, पण पावणेदोन वर्षांच्या मुलाचा सगळा दिवस झोपेच्या वेळांवर उभा असतो. विमानाने एका दिवसात पाच तासांचा फरक अंगावर घेण्यापेक्षा ही संथ चाल मुलांना मानवते आणि माझ्या दृष्टीने जहाजाने जाण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

ऋतूचे कारण अर्थातच समुद्र. उत्तर अटलांटिक हिवाळ्यात अतिशय खवळलेला असतो आणि उन्हाळ्यात तुलनेने शांत. तुलनेने हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे, कारण जुलैतही एखादा दिवस वाऱ्याचा आणि मोठ्या लाटांचा निघू शकतो. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह एकमेकांना भिडतात, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातच दाट धुके पसरते आणि जहाजाचा भोंगा ठरावीक अंतराने वाजत राहतो. मुलाला आधी सांगून ठेवले तर त्या आवाजाची भीती वाटत नाही. आमची मुलगी तर पुढच्या भोंग्याची वाट पाहू लागली होती.

जहाजांचे दोन प्रकार लक्षात घ्या. नियमितपणे साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये ये-जा करणारे प्रवासी जहाज आज एकच आहे, ते म्हणजे २००४ साली सेवेत आलेले क्वीन मेरी २. ते ३४५ मीटर लांब आहे, त्याचा पाण्याखालचा भाग सुमारे १० मीटर खोल आहे आणि त्याची बांधणीच या महासागरासाठी केलेली असल्यामुळे ते सहलीच्या सर्वसाधारण क्रूझ जहाजांपेक्षा कमी डोलते. दुसरा प्रकार म्हणजे वसंत ऋतूत कॅरिबियनकडून युरोपकडे आणि शरद ऋतूत परत जाणारी क्रूझ जहाजे. त्यांचा मार्ग दक्षिणेकडून, अझोर्स किंवा मदेइरा अशा बेटांवरून जातो, हवा उबदार असते आणि भाडेही अनेकदा कमी असते. परंतु हा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास चालतो, त्यात सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही आणि शाळा चालू असण्याच्या काळात जहाजावर दुसरी मुले फारच थोडी असतात. त्यामुळे पहिल्या खेपेला मी पहिल्या प्रकारच्या जहाजाचीच शिफारस करेन.

वयाची अट बहुतेक कंपन्यांत सारखी आहे. इतर सहलींना सहा महिन्यांचे मूल चालते, पण अटलांटिक ओलांडण्यासाठी मूल जहाजावर चढण्याच्या दिवशी किमान १२ महिन्यांचे असावे लागते. या अटीमागचे कारण वैद्यकीय आहे आणि तुम्ही सर्वाधिक विचार याच बाबीचा करावा, असे मला वाटते. जहाजावर डॉक्टर, परिचारिका, क्ष-किरण यंत्र आणि प्राथमिक तपासण्यांची सोय असते, मात्र बालरोगतज्ज्ञ असेलच असे नाही. किनाऱ्यावरून उडणारे हेलिकॉप्टर साधारण दोन-तीनशे सागरी मैलांपलीकडे येऊन परत जाऊ शकत नाही आणि हा संपूर्ण मार्ग सुमारे ३,१०० सागरी मैलांचा आहे. म्हणजे मधले काही दिवस तुम्ही कोणत्याही मोठ्या रुग्णालयापासून खरोखरच दूर असता. ताप, उलटी, कान दुखणे अशा तक्रारींसाठी जहाजावरचा दवाखाना पुरेसा आहे, पण मुलाला दम्याचे तीव्र झटके येत असतील, आकडी येत असेल किंवा एखाद्या पदार्थाची गंभीर अ‍ॅलर्जी असेल, तर मी विमानानेच जाण्याचा सल्ला देईन. निरोगी मुलासाठीही आपत्कालीन स्थलांतराचा खर्च भागवणारा प्रवास विमा घ्यावा आणि नेहमीची औषधे मुलाच्या वजनानुसार मात्रा लिहून घेऊन सोबत ठेवावीत.

बोट लागण्याची चिंता पालकांना सर्वांत जास्त असते. दोन वर्षांखालील मुलांना बोट सहसा लागत नाही. हा त्रास साधारण दोन ते बारा या वयात अधिक दिसतो. त्यामुळे तुमच्या घरात आधी आडवे व्हाल ते तुम्ही मोठे, आणि तेव्हा मुलाकडे कोण पाहणार हे दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. मोठ्यांच्या गोळ्या तुकडे करून मुलाला कधीही देऊ नका. प्रोमेथाझीन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो, आणि कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्ट्याही मुलांसाठी नाहीत.

केबिनमध्ये पाळणा मिळतो, पण जहाजावर पाळण्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे तो तिकिटाबरोबरच मागून घ्या. साध्या केबिनमध्ये बहुधा फक्त शॉवर असतो, म्हणून हवा भरून फुगवायचा छोटा टब उपयोगी पडतो. डायपर आणि डब्यातले दूध संपूर्ण प्रवासाला पुरेल इतके, शिवाय दोन दिवसांचे जास्तीचे न्यावे; मधे कुठेही दुकान नाही. विजेची किटली सोबत नेण्यास मनाई असते, परंतु उकळलेले पाणी मागितल्यावर मिळते. दुमडून ठेवता येईल अशी अरुंद बाबागाडी न्या. बाहेरच्या डेकवर उघडणारे दरवाजे जड असतात आणि वाऱ्याच्या दाबाने जोरात मिटतात, त्यामुळे तिथे मुलाची बोटे सांभाळावी लागतात. बाल्कनी घेतलीच तर तिथे मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये आणि खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवाव्यात.

डायपर वापरणाऱ्या मुलांना सार्वजनिक तलावात उतरू देत नाहीत, अगदी पोहण्याचा खास डायपर असला तरी. काही जहाजांवर लहानांसाठी वेगळे कारंजे असते, ते आधी विचारून घ्यावे. बालकक्षाचेही तसेच आहे. अनेक कंपन्या तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच पालकांशिवाय ठेवून घेतात, तर क्वीन मेरी २ वर दोन वर्षांपासूनच्या मुलांना घेतात आणि त्याहून लहानांसोबत पालकाने थांबावे लागते. तुमचे मूल प्रवासाच्या दिवशी दोन वर्षांचे व्हायला थोडेच दिवस कमी पडत असतील, तर तारीख काही आठवडे पुढे ढकलणे फायद्याचे ठरेल.

या सगळ्यांतून दिवस कसा जातो, असे तुम्ही विचाराल. लहान मुलाला करमणुकीच्या कार्यक्रमांची फारशी गरज नसते. त्याला चालायला लांब जागा, पाहायला माणसे आणि आई-वडिलांचे संपूर्ण लक्ष हवे असते, आणि या तिन्ही गोष्टी जहाजावर मुबलक मिळतात. क्वीन मेरी २ च्या सातव्या डेकवर जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी मार्ग आहे, त्याच्या तीन फेऱ्यांत १.१ मैल होतात. वारा फार असला की तो बंद ठेवतात, तेव्हा आतले लांबलचक मार्ग कामी येतात. स्वयंपाक, कामावर जाणे, फोन हे काहीच नसल्यामुळे आम्ही दोघे आमच्या मुलीच्या वाट्याला जितके आलो, तितके घरी सहसा येत नाही. संध्याकाळचे औपचारिक जेवण मात्र या वयाच्या मुलाला झेपत नाही. त्याला लवकर भरवून पालकांनी आळीपाळीने जेवायला जावे हे बरे.

जहाज सुटण्यापूर्वी होणारी सुरक्षा कवायत सर्वांना सक्तीची असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २४ तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासात जहाजावरील प्रत्येक तान्ह्या मुलासाठी त्याच्या मापाचे जीवरक्षक जॅकेट असलेच पाहिजे, तेव्हा ते पहिल्याच दिवशी केबिनमध्ये मागून घ्या आणि मुलाला एकदा घालून पाहा. जेवणापूर्वी मुलाचे हात साबणाने धुवा; जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलयुक्त जेलचा परिणाम कमी होतो.

कागदपत्रांत मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आणि त्या पासपोर्टनुसार लागणारा व्हिसा हवा. आई-वडिलांपैकी एकच जण सोबत असेल, तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र जवळ ठेवा. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या थेट बंदरावरच परत मिळतात, म्हणून सकाळचे कपडे, डायपर, औषधे आणि खाऊ एका लहान पिशवीत आपल्याजवळ राहू द्या. न्यूयॉर्कला जहाज बहुधा पहाटे व्हेराझानो पुलाखालून बंदरात शिरते. घड्याळे मागे येत गेल्यामुळे मूल तेव्हा जागेच असण्याची शक्यता आहे, तर त्याला गरम कपडे घालून डेकवर घेऊन जा.