सह्याद्रीतले घाट ओलांडायचे तर पायी की सायकलने, आणि पहिला घाट कोणता?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, ऑफिसला सायकलनेच जाता, राजगड-तोरणा करून झालेत आणि आता सह्याद्री नुसता चढायचा नाही, ओलांडायचा आहे. पायी जावं की सायकलने, आणि सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर: दोन्ही एकाच फेरीत करा, पहिल्या खेपेला वेल्ह्यापलीकडच्या, घाटमाथ्यावरच्या केळद गावाला जा, आणि एक रात्र कोकणात खाली काढा. ती खालची रात्र वगळू नका.

असं का, ते सांगतो. आपल्याकडचे बहुतेक लोक घाटमाथ्यावर गाडी लावतात, दरीत डोकावतात, फोटो काढतात आणि माघारी फिरतात. पुण्याकडून जाताना जमीन हळूहळू चढत जाते, डोंगराची उंची जाणवतच नाही, आणि मग पायाखालची जमीन एकदम संपते. खाली सहाशे-सातशे मीटरवर कोकण. हाच डोंगर खालच्या गावातून पाहिलात तर सबंध आभाळ अडवून उभी असलेली भिंत दिसते. सह्याद्री उंच नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. हिमालयात एवढ्या उंचीवर बाजारपेठा असतात. पण इथली उंची एका दमात उतरते आणि ती जंगलातून उतरते, हे खालून वर येईपर्यंत कळत नाही.

कड्याच्या मध्यावर डोंगराला एक पायरी असते. तिला पदर म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. त्यातला टणक थर कडा होऊन उभा राहिला, मऊ थर झिजून त्याचा पदर झाला. पदरात माती साचते, पाणी मुरतं, म्हणून उरलंसुरलं दाट रान तिथे आणि नाळांमध्ये, म्हणजे कड्यातल्या चिंचोळ्या घळींमध्ये, आहे. जांभूळ, हिरडा, आईन, उंबर, अंजनी, आणि उतारावर डोक्याच्याही वर जाणारी कारवी. वरच्या गवताळ माथ्यावरून आत शिरलात की दहा पावलांत हवा बदलते. शेकरूचा खडखडाट आधी ऐकू येतो, शेकरू नंतर दिसतं, कधी दिसतही नाही.

आता केळदच का? कारण गावापासून दोन जुन्या वाटा कोकणात उतरतात, उपांड्या आणि मढे, आणि दोन्ही खाली कर्णवाडीला पोचतात. एकीने उतरा, दुसरीने चढा. वाहनाची सोय लावावी लागत नाही आणि आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला सायकलने निघा. नवीन बोगदा टाळून जुन्या कात्रज घाटाने जा, नसरापूर फाट्यावर महामार्ग सोडा, मग वेल्हे, पासली आणि केळद. सगळं मिळून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. वेल्ह्यापर्यंत डाव्या हाताला राजगड आणि समोर तोरणा सोबतीला असतो. तुम्ही दोन्ही गड केलेत, तेव्हा हा रस्ता ओळखीचाच. दम निघतो तो पासलीच्या पुढच्या खिंडीत. चढ लांबीला फार नाही पण अंगावर येतो, आणि तोही आधीचे साठ-सत्तर किलोमीटर पायात असताना. मागे ३२ किंवा ३४ दातांचं चक्र नसेल तर बसवून घ्या. सायकल ढकलत चढण्यात कमीपणा नाही, पण केळदनंतर अजून उतरायचं आहे, गुडघे शाबूत हवेत.

केळदला कुणाच्या तरी ओट्यावर सायकल ठेवायची विनंती करा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. जेवण आधी सांगितलं तर भाकरी-पिठलं मिळतं. पैसे विचारून द्या, आणि त्यांनी ‘असू दे’ म्हटलं तरी द्या. दुपारी अडीचच्या आत उपांड्या उतरायला लागा. दोन-अडीच तास धरा. वाट चुकण्यासारख्या दोन-तीन जागा आहेत, तिथे गुरांच्या वाटा जास्त ठळक आणि खरी वाट पुसट असते. पहिल्यांदा गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्याच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेत एक आजोबा भेटले. खांद्यावर पोतं, पायात झिजलेल्या चपला, लेकीकडून परत निघालेले. वाटेकडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. त्यांनी चालता चालता शेजारच्या झुडपाची डहाळी मोडली, त्या दगडावर ठेवली, एक क्षण थांबले आणि पुढे निघाले. खाली पाहिलं तर वाळलेल्या, अर्धवट वाळलेल्या आणि हिरव्या डहाळ्यांचा थर साचलेला. म्हणजे त्या आठवड्यात किती माणसं तिथून गेली, ते त्या ढिगावरून कळत होतं. आपण जिला ट्रेक म्हणतो ती कुणाची तरी माहेरची वाट आहे, हे मला त्या दगडापाशी समजलं. तेव्हापासून मीही डहाळी ठेवतो.

कर्णवाडीत मुक्काम करा. संध्याकाळी अंगणात बसून वर बघा, दुपारी तुम्ही जिथे सायकल लावली ती जागा त्या कड्यामागे आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मढे घाट चढायला घ्या. सिंहगडच्या लढाईनंतर १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने पोलादपूरजवळच्या उमरठला नेला आणि त्यावरून मढे हे नाव पडलं, असं इथले लोक सांगतात. वाटेवर जागोजागी दगड रचून बांधलेली वळणं आहेत. खांद्यावर ओझं घेतलेली माणसं इथून कशी उतरत असतील ते पाहून घ्या. माथ्याजवळ लक्ष्मी धबधबा. ते पाणी कोकणात उतरून सावित्रीला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. माथ्यावर थोडं पूर्वेला पडलेलं पाणी मात्र नीरा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. काल सायकलवरून तुम्ही त्या दुसऱ्या पाण्याच्या उलट दिशेने आलात.

उतरायला उपांड्या आणि चढायला मढे हा क्रम माझ्या आवडीचा, पण एक नियम सगळ्याच घाटवाटांना लागू आहे: वाटाड्या सोबत नसेल तर अनोळखी नाळ पहिल्यांदा उतरू नका, चढा. चढताना वाट संपली तर परत फिरता येतं. उतरताना दगडाच्या टप्प्यावरून खाली उडी मारली की परतीचं दार बंद होतं. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, गुडघ्यांची वाट लागते ती वेगळीच.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात नाळेत पाऊल टाकू नका. पाणी कधी वाढेल आणि वरून दगड कधी सुटेल, काही भरवसा नाही. फेब्रुवारीनंतर झरे आटतात आणि वणवे लागतात. एरवीही माणशी तीन लिटर पाणी. अत्तर, डिओ अजिबात नको आणि कड्याखाली धूर करू नका. आग्यामोहोळ उठलं तर जंगलात पळायला जागा नसते. पालापाचोळ्यात हात घालू नका, फुरसं हा विषारी साप मातीच्या रंगाचा असतो.

सायकलने थेट घाट उतरायचा मोह होणारच. तो केळदनंतरच्या खेपेला वरंध घाटात पुरवा: भोर, नीरा-देवघरच्या पाण्याकाठून शिरगाव, माथ्यावर वाघजाईचं देऊळ, मग वळणावळणाने खाली वरंध, बिरवाडी, महाड. रस्त्याने कावळ्या किल्ल्याचे दोन भाग केलेत, वाघजाईपाशी थांबून ते बघा. पावसाळ्यात दरडींमुळे हा रस्ता बऱ्याचदा बंद असतो, विचारून निघा. आंबेनळी त्याच्याही नंतर, आणि तो उलटा करा: पोलादपूरहून महाबळेश्वर, चाळीस किलोमीटरमध्ये जवळपास तेराशे मीटरचा चढ. कुंभार्ली आणि माळशेज मी सायकलसाठी सुचवणार नाही, अवजड वाहनं फार.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वरंधमध्ये माझ्या पहिल्या उतरणीला मी तेच केलं. रिम इतकी तापली की चौथ्या-पाचव्या वळणानंतर पुढची ट्यूब फुटली. सुदैवाने वेग कमी होता आणि कठड्याच्या बाजूला नव्हतो. बोटाला रिमचा चटका बसला, तेव्हा कारण कळलं. तेव्हापासून वळणाच्या आधी जोरात ब्रेक, वळणात मोकळं, सरळ पट्ट्यात पुन्हा मोकळं. वळणाच्या आतल्या कडेला खडी साचलेली असते आणि एसटी समोरून तीच कड धरून येते, त्यामुळे तुमची बाजू सोडू नका. माकडं दिसली की वेग निम्मा करा.

केळदच्या फेरीत शेवटच्या दिवसाचं गणित एवढंच ठेवा: सकाळी दहापर्यंत मढे चढून वर या, ओट्यावरचा चहा घ्या, अकराला सायकलवर बसा. परतीला खिंडीनंतर उतार बराच आहे. वेल्ह्यात जेवलात तरी दिवे लागायच्या आत कात्रज ओलांडता.