पीएचपीच्या क्लासमधून हायचार्ट्सचा आलेख: रेघ का उमटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी भाषा) आलेखासाठी क्लास लिहिलाय, कोयना धरणाचा दहा वर्षांचा रोजचा साठा वेबवर हायचार्ट्समध्ये (ब्राउझरात आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) दाखवायचाय, पण कधी रेघच येत नाही, तर कधी तारखा १९७० च्या दिसतात. मग क्लासनेच सगळी जावास्क्रिप्ट छापावी का?

नको. क्लासने फक्त जेसन (डेटा पाठवायचा साधा मजकुरी साचा) द्यावं. स्ट्रिंग जोडजोडून जावास्क्रिप्ट छापायला लागलात की एखाद्या नावातलं अवतरणचिन्ह अख्खं पान पाडतं. ‘आलेख’ आणि ‘मालिका’ असे दोन क्लास पुरतात. दोघांनाही जेसनसीरिअलायझेबल इंटरफेस (ऑब्जेक्टचं जेसन कसं व्हावं ते ठरवणारा) लावा आणि त्याच्या मेथडमधून हायचार्ट्सला हवा तसा अ‍ॅरे परत करा. पानावर एक रिकामा डिव्ह आणि जेसन मागवून चार्ट उभा करणाऱ्या पाचसहा ओळी, बस्स.

जेसनमध्ये फंक्शन जात नाही, म्हणून टूलटिपचा (बिंदूवर माउस नेला की दिसणाऱ्या चौकटीचा) फॉर्मॅटर, म्हणजे तिचा मजकूर घडवणारं फंक्शन, कसा पाठवायचा यावर लोक अडतात. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते: व्हॅल्यूसफिक्समध्ये ‘टीएमसी’ आणि व्हॅल्यूडेसिमल्समध्ये २ दिलं की काम होतं. पूर्ण क्षमतेची १०५.२५ टीएमसीची आडवी रेघसुद्धा प्लॉटलाइन म्हणून साध्या डेटातच जाते.

आता रेघ न येण्याचं. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये आलेलं जेसन उघडा. आकड्याभोवती अवतरणचिन्हं दिसली, म्हणजे १४.२ ऐवजी "१४.२", तर हायचार्ट्स एरर १४ देतो. मायएसक्यूएलचा डेसिमल कॉलम पीडीओमधून (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) नेहमी स्ट्रिंग म्हणूनच येतो. उपाय फ्लोटमध्ये कास्ट करणं, म्हणजे दशांश संख्येत बदलणं, पण जपून: नलला (रिकाम्या नोंदीला) फ्लोट केलं की शून्य होतं. ज्या दिवशीची नोंद राहिली त्या दिवशी तुमच्या आलेखात कोयना कोरडी पडते! आधी नल आहे का तपासा आणि असेल तर तसाच जाऊ द्या; तिथे रेघ तुटते, आणि तुटायलाच हवी. जेसन_न्यूमेरिक_चेक या फ्लॅगचा (आकड्यांसारख्या सगळ्या स्ट्रिंग आपोआप आकडे करणारा) शॉर्टकट मी तरी वापरणार नाही, कारण तो स्टेशनचा कोड ‘००७’ असेल तर त्याचाही ७ करतो.

दुसरी खोड अ‍ॅरे_फिल्टरची. मधल्या नोंदी गाळल्या की किल्ल्या (नोंदींचे क्रमांक) ०, १, ३ अशा उरतात आणि जेसनमध्ये चौकोनी कंसाऐवजी महिरपी कंस, म्हणजे यादीऐवजी ऑब्जेक्ट, येतो. अ‍ॅरे_व्हॅल्यूज लावून क्रमांक सलग करा. आणि क्वेरीत तारीख चढत्या क्रमानेच घ्या, नाहीतर एरर १५.

तारखांचा घोळ हजारपटीचा आहे. दोघेही वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात, पण पीएचपी सेकंद देतं, हायचार्ट्सला मिलिसेकंद लागतात. १ जून २०२३ ची भारतीय मध्यरात्र म्हणजे १६८५५५७८०० सेकंद. हाच आकडा मिलिसेकंद समजला तर २० जानेवारी १९७० येते, आणि दहा वर्षांचा साठा चार दिवसांच्याही आत कोंबला जातो. पण नुसतं १००० ने गुणून भागत नाही. हायचार्ट्स मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दाखवतो, त्यामुळे तोच बिंदू ३१ मेच्या संध्याकाळी साडेसहाला पडतो. रोजचा आकडा असेल तर तारखेचा ऑब्जेक्ट सरळ यूटीसी टाइमझोनमध्येच बनवा. ताशी आकडे असतील तर मात्र खरी वेळ पाठवा आणि चार्टला एशिया/कोलकाता टाइमझोन द्या.

दहा वर्षं म्हणजे साधारण ३,६५० बिंदू. तुम्ही प्रत्येक बिंदू एक्स, वाय, रंग असा ऑब्जेक्ट करून पाठवत असाल, तर एका महिन्याचा आलेख दिसेल आणि दहा वर्षांचा दिसणार नाही. टर्बोथ्रेशोल्ड, म्हणजे किती बिंदूंनंतर वेगवान पद्धत सुरू होते ती मर्यादा, मुळात १,००० असतो. त्यापुढे फक्त आकडे किंवा आकड्यांच्या जोड्याच चालतात, नाहीतर एरर १२. थ्रेशोल्ड ० करून तो बंद करता येतो, पण जोड्या पाठवणं बरं: जेसन बरंच हलकं होतं. रंग पातळीनुसार हवा असेल तर झोन्स वापरा.

मराठी नावं असतील तर सबस्ट्र (बाइट मोजून मजकूर कापणारं फंक्शन) टाळा. ‘कोयना’ यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट्स आहे. १० वर कापलं तर ‘न’चा एकच बाइट उरतो, जेसन_एन्कोड गुपचूप फॉल्स देतं आणि चार्टची जागा पांढरी राहते. अक्षरं मोजणारं एमबी_सबस्ट्र वापरा, आणि चूक झाली की एरर दाखवणारा जेसन_थ्रो_ऑन_एरर फ्लॅग कायम लावून ठेवा (पीएचपी ७.३ पासून आहे). जेसन वेगळं न मागवता पानातच स्क्रिप्ट टॅगमध्ये लिहिणार असाल, तर < आणि > ही चिन्हं सुरक्षित करणारा जेसन_हेक्स_टॅगही हवाच.

साइट व्यावसायिक असेल तर हायचार्ट्सचा परवाना विकत घ्यावा लागतो. ते जमणार नसेल तर ईचार्ट्स ही तशीच लायब्ररी अपाचे परवान्याखाली मोफत आहे. क्लास नीट वेगळे ठेवले असतील तर बदल फक्त जेसनच्या मेथडमध्ये आणि पानावरच्या त्या पाचसहा ओळींत करावा लागेल.